जोहानाचं सुतक

कडूबाईच्या थोरल्या सुनेला जुळं झालं, ते त्र्याहत्तर साल. माघ सरत आला होता. नगरात नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं, आणि बाळंतिणीच्या न्हाण्याचं पाणी कडूबाई दोन गल्ल्या पलीकडच्या विहिरीवरून आणायची. दोन्ही मुलगेच. एक सारखा रडायचा, दुसरा नुसता बघायचा. बघणाऱ्याच्या उशाशी कडूबाई हातातलं काम टाकून बसून राही. आढ्याकडं बघत याला काय दिसत असेल, याचं तिला मोठं नवल वाटे. तिला अशी नवलं पहिल्यापासूनच वाटत आली होती. माहेर राजूरकडच्या डोंगरातलं. तिथं असताना ओढ्याचं पाणी जातं तरी कुठं, ते बघायला ती एकदा शेरडं सोडून काठाकाठानं चालत निघाली होती आणि दिवस मावळता बापानं तिला दुसऱ्याच गावातून दंडाला धरून आणलं होतं. पुढं लग्न होऊन ती नगरला आली, बिडीच्या कारखान्यात बसली, नवरा गेला, लेक मार्केटात हमालीला लागला, सून तिच्याच कारखान्यात आली, पण ती खोड काही गेली नाही. त्याच माघात एका दुपारी कारखान्याच्या शेडमध्ये कडूबाईचा हात थांबला.

बिडी वळणाऱ्या बाईचा हात सहसा थांबत नाही. बाई बोलते, हसते, पेंगते, शेजारणीशी भांडते, पण मांडीवरच्या सुपात हात चालूच असतो. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड नखानं आत दुमडायचं, दोरा मारायचा. इतक्या वर्षांनंतर या कामाला कडूबाई लागतच नव्हती, हात ते परस्पर करत. नवऱ्याच्या मयताची बातमी आली तेव्हासुद्धा हातातली बिडी पुरी झाली होती आणि मगच ती रडली होती, हे तिला नंतर आठवून चमत्कारिक वाटलं होतं. म्हणून आज पान अर्धं वळलेलं तसंच राहिलं आणि तंबाखू लुगड्यावर सांडली, तेव्हा शेजारी बसणाऱ्या गौहरनं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"काय गं कडू, चक्कर आली का?"

कडूबाई आसारामच्या हातातल्या फोटोकडं बघत होती. आसाराम युनियनचा सेक्रेटरी. जेवणाच्या सुट्टीआधीच तो शेडमध्ये आला होता आणि पोस्टानं आलेला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला हातभर लांबीचा फोटो त्यानं बायांपुढं धरला होता. एक गोरी म्हातारी खुर्चीत बसलेली. खुर्ची म्हणावी तर लाकूड कुठं दिसतच नव्हतं, पाठीला, हातांना, पायांना सगळी फुलं बांधलेली, आणि त्या फुलांच्या मखरातून तिचं तोंड तेवढं बाहेर आलेलं. डोळे मिटलेले. हात मांडीवर ठेवलेले. खाली इंग्रजीत नाव आणि दोन सालं. आसारामनं वाचून दाखवलं, "जोहाना. एकोणीसशे तेवीस, मधी आडवी रेघ, एकोणीसशे त्र्याहत्तर." आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"गेली बिचारी," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"बसवून नेत्यात वाटतं त्यांच्यातबी. जंगमावानी."

यात चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. मागच्या गल्लीतला बांगड्यांचा जंगम वारला तेव्हा त्याला असाच बसता करून, भस्म लावून, फुलांच्या मखरात घालून नेला होता आणि नेण्याआधी फोटोवाल्याला बोलावून त्याचा फोटो काढला होता. तो फोटो अजून त्याच्या दुकानात होता. डोळे मिटलेले, मांडीवर हात. कडूबाईनं तो कितीदा बघितला होता.

पण तिचा हात मयत बघून थांबला नव्हता. तो थांबला त्या बाईची बोटं बघून. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट टोकाशी चपटं होतं आणि आत, अंगठ्याकडं वाकलेलं होतं. हे बोट कडूबाईच्या ओळखीचं होतं. गौहरचं बोट तसंच होतं, शेडमधल्याच मेलेल्या सरवरीचं तसंच होतं, आणि आत्ता अर्धं वळलेलं पान धरून हवेत राहिलं होतं तेही तसंच होतं. हे बोट परमुलखात कसं गेलं? का तिकडंच आधी होतं आणि मग इकडं आलं?

जोहाना हे नाव ऐकलं नव्हतं आणि पाकिटात चिठ्ठीही नव्हती, पण पाकिटावर हॉलंडचा शिक्का होता, आणि तिथल्या म्हातारीची गोष्ट शेडला माहीत होती. मागल्या साली छाटीवरून संप झाला होता. चेकर बिड्यांतून वाईट म्हणून मूठभर बिड्या बाजूला काढायचा, त्यांचं दाम धरायचा नाही, आणि त्याच बिड्या पुढं चांगल्या बिड्यांत मिसळून जायच्या. त्यावरून बाया उठल्या. तेव्हा हेंक नावाचा हॉलंड देशाचा एक पोरगा युनियनच्या हापिसात उतरला होता. दुष्काळ बघायला आलेला, ताडमाड उंच, बसला की गुडघे कानाशी यायचे. दोन महिने राजूरकडं राहून मराठी शिकला होता, त्यामुळं बोलायला लागला की थेट डोंगरातलाच गडी, आणि कडूबाईला आपला मेलेला भाऊ बोलतोय असं वाटून हसू यायचं. त्यानं बायांबद्दल आपल्या देशातल्या पेपरात लिहिलं. मग दिवाळीच्या सुमाराला खबर आली, की तिकडं चिरूट वळणाऱ्या बायांचा एक कारखाना आहे, तिथल्या एका म्हातारीनं उठून विचारलं, नगरच्या बायांसाठी आपण काय करणार? आणि त्या सगळ्यांनी एक तास हात खाली ठेवले. संप तोवर मिटलाही होता, निम्मीच छाट बंद झाली होती. बायांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या विसरून गेल्या. कडूबाई मात्र विसरली नव्हती. पाणी भरताना, भाकरी थापताना तो तास तिच्या डोक्यात येई. त्या म्हातारीनं नगर कधी बघितलेलं नाही. नगर हे नाव तिच्या तोंडात तरी कसं बसलं असेल? आपल्या गल्लीतल्या बाईसाठी माणूस हात खाली ठेवतं, कारण उद्या ती आपल्या दारात येणार असते. हिच्या दारात कोण जाणार होतं?

"पन्नाशीचीच व्हती की," आसारामनं सालांचा हिशेब केला.

"ही पन्नाशीची? सत्तरीची दिसती."

"आपन काय पन्नाशीत पोरी दिसतो का?" गौहर म्हणाली. "तंबाकू हाय ती. हॉलंडात काय गुलाब हुंगायला लावत न्हाईत."

हसणं झालं, मग एकेक बाई कडूबाईकडं बघायला लागली. त्या शेडची एक रीत होती. शेडमधली बाई वारली की तिच्या जागेवर तिचं सूप पालथं घालायचं आणि तो दिवस कुणी बिडी वळायची नाही. रीत कुणी पाडली ठाऊक नव्हतं, पण सूप पालथं घालायचं काम वयानं मोठ्या बाईचं, म्हणजे आता कडूबाईचं होतं. सरवरी गेली तेव्हा वाद झाला होता. मुसलमानाचं सुतक आपल्याला कसं, असं दोघीचौघी म्हणाल्या होत्या. कडूबाईनं जाऊन सूप उलटं केलं होतं. का केलं, ते तिला सांगता आलं नसतं. उलट्या सुपाची खालची बाजू कशी दिसते, एवढंच तिला तेव्हा दिसलं होतं. काळी, तेलकट, मांडीच्या घामानं चकाकणारी. तिथं जात लिहिलेली नव्हती.

"तिचं सूप तिकडं हाय," एक जण म्हणाली. "आपल्याला काय त्याचं?"

"तिनं आपल्यासाठी तास दिला न्हाई का?"

"मग तासाचं सुतक धरा. फिट्टमफाट."

"सुतक काय बाजारातली मेथी हाय का गं, अर्धी जुडी द्या म्हनायला?" गौहर म्हणाली, आणि कडूबाईच्या कानाशी वाकून हळूच बोलली, "तू ठरव. पन शेवंताचं ध्यानात ठेव."

शेवंता म्हणजे कडूबाईची सून. बाळंतपणासाठी घरी बसलेली. तिची जागा कारखान्यानं धरून ठेवायला हवी होती, पण ते साल तसं नव्हतं. फाटकाबाहेर रोज नेवासा-पाथर्डीकडच्या बाया येऊन बसत. घोडेगावच्या बाजारात बैल मातीमोलानं गेलेले, घरात दाणा नाही, कुठंही बसवा म्हणत. त्यांतल्या एकीला शेवंताच्या जागी बसवणं म्हणजे चेकर पुंजारामला बोट हलवायचं काम होतं. संध्याकाळी माल मोजून देताना त्यानंच विषय काढला. पुंजाराम वाईट माणूस नव्हता. मालकाचा माणूस होता आणि दोन्हीकडून शिव्या खायचा.

"मावशी, ऐकलं मी. मयत हॉलंडात अन् सुतक नगरात. तुमी आता दिल्लीचंबी धरनार का?"

"बघू की."

"हे बघा. तास बसा. मालकाला मी सांगतो, पानं भिजली न्हवती म्हून काम उशिरा लागलं. सोमवारी शेवंताला घेऊन या, बसवतो. पन तास संपल्याचा भोंगा झाला अन् सुपं सुलटी न्हाई झाली, तर तिची जागा गेली म्हून समजा. मग माज्याकडं येऊ नका."

घरी आल्यावर कडूबाईनं सुनेला सांगितलं. शेवंता रडणाऱ्याला पाजत होती, बघणारा तिच्या पायाशी पडून बघत होता.

"आत्या, तास म्हन्जे तास बरं का," शेवंता म्हणाली. "मला ह्या दोघांना घिऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं न्हाई. तिथं बाया पोरास्नी झाडाखाली ठिवत्यात, अन् झाड तरी कुटं ऱ्हायलंय?"

"तासच गं."

"तुमचा भरोसा न्हाई. तुमाला मधीच काय तरी दिसतं अन् तुमी जाता तिकडं."

कडूबाई हसली. लेकानं भाकरी मोडता मोडता विचारलं, की ती बाई आपली कोण लागती. कडूबाईनं बराच विचार केला. बहीण म्हणावं तर दूध वेगळं, सवत म्हणावं तर नवरा वेगळा. "बोट लागती," ती म्हणाली, आणि लेकाला वाटलं, आईचं आता वय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये सगळ्या बसल्या. आसारामनं भिंतीला फोटो टेकवून ठेवला होता आणि कुणीतरी त्यापुढं उदबत्ती लावली होती. जोहानाची जागा नव्हती, तिचं सूप नव्हतं. तेव्हा पालथं काय घालायचं हाच प्रश्न होता. कडूबाईनं आपल्या मांडीवरची तंबाखू फडक्यात ओतली, पानं बाजूला ठेवली आणि आपलंच सूप पालथं घातलं. गौहरनं घातलं. मग आवाज होत गेला, पावसाचे मोठे थेंब पत्र्यावर पडावेत तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि थांबला.

आणि तिथं कडूबाईला पहिल्यांदा कळलं, की तिला तिचे हात ठेवायला जागाच नाही. सरवरीच्या वेळी रडणं होतं, पळापळ होती, मातीला जायचं होतं. आज काहीच नव्हतं. हात मांडीवर होते आणि ते गप्प बसेनात. अंगठा बोटावर सरकत होता, नख हवेत तोंड दुमडत होतं. तिनं एक हात दुसऱ्यानं धरला, तर धरलेला हात धरणाऱ्याला वळायला लागला. आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांचंच तसं चाललं होतं. सगळ्या शेडच्या मांड्यांवर हात वळत होते, पानाशिवाय, तंबाखूशिवाय, आणि सगळ्या बाया आपल्याच हातांकडं दुसऱ्याच्या लेकरांकडं बघावं तशा बघत होत्या. कडूबाईला वाटलं, जोहानाच्याही हातांनी हेच केलं असेल. चिरूट जाड असतो म्हणतात. म्हणजे तिच्या हातांनी जरा मोठं गोल केलं असेल. त्या तासात तिनं नगरचा विचार केला असेल का? का तीही आपल्या हातांकडंच बघत बसली असेल? ज्यांच्यासाठी बसलो त्या बाया कशा असतील, असं तिला वाटलं असेल, का तिला तिच्या माहेरचा ओढा दिसला असेल? तिकडं ओढे असतील का? पाणी फार आहे म्हणायचा हेंक, जमिनीपेक्षा वर आहे, बांध घालून अडवलंय. पाणी जमिनीपेक्षा वर, हे कडूबाईनं कितीदा डोळ्यांपुढं आणून बघितलं, आलं नाही. आता थोडं थोडं येत होतं. हात मंदावत होते. अंगठा मधेच थांबत होता आणि पुन्हा चालत होता, आणि त्या थांबण्यात एक वेगळीच शांती होती, विहिरीत दगड टाकल्यावर पाणी जुळून येतं तशी. ती त्या शांतीकडं कान देऊन बसली, आणि भोंगा वाजला.

तिनं भोंगा ऐकला. ऐकला नाही असं नाही. तास झाला, आता सूप सुलटं करायचं, सगळ्या आपल्याकडं बघतायत, शेवंताची जागा, हे सगळं तिला एकामागून एक आठवलं, आणि तरी ती हलली नाही. कारण हात नुकतेच थांबत आले होते. पुढं काय आहे ते तिला बघायचं होतं. आत्ता उठलं तर ते कधीच कळणार नव्हतं. थोडं अजून, एवढंच तिच्या मनात होतं. ती मनातल्या मनात शेवंताला म्हणालीसुद्धा, थोडं अजून, आलेच.

कडूबाई हलली नाही म्हणून गौहर हलली नाही, आणि गौहर हलली नाही म्हणून शेड हलली नाही. पुंजाराम दारात येऊन उभा राहिला. त्यानं कडूबाईकडं बघितलं, मान हलवली, आणि जाऊन फाटक उघडलं. बाहेरच्या बाया धावतच आत आल्या. पुढं छबूबाई नावाची एक काटक बाई होती, कमरेला पदर खोचलेली. शेडच्या उंबऱ्यावर येऊन ती थबकली. पालथी सुपं, उदबत्ती, फुलांत बसलेली म्हातारी.

"कोन गेलं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"आमच्यातली एक," गौहर म्हणाली.

छबूबाई मागं सरली. तिच्या मागच्याही सरल्या.

"बसा बसा," पुंजाराम म्हणाला. "जागा पायजे व्हती ना? घ्या सुपं."

"आज न्हाई भाऊ. मयताच्या घरात चूल कोन पेटवील? उंद्या सांगा."

"अहो बाई, मयत हॉलंडात झालंय! समुद्रापल्याड!"

"कुटं का व्हईना. सुपं तर हितं पालथी हायेत ना?"

आणि त्या उपाशी बाया उंबऱ्याबाहेर उन्हात ओळीनं बसल्या, मयताला आल्यासारख्या. त्यांतल्या एकीनं कुणाला न सांगता डोळ्यांना पदर लावला. पुंजारामला हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी कारखान्यात एकही बिडी वळली गेली नाही. दुपारनंतर कधीतरी कडूबाईचे हात पुरते थांबले. ते मांडीवर पडून राहिले, फोटोतल्यासारखे, जड आणि परके. त्यापुढं काही नव्हतं. नुसतं बरं वाटत होतं. आणि मग तिला शेवंताचं तोंड दिसलं.

सोमवारी शेवंताच्या जागेवर छबूबाई बसली. शेवंता दोन्ही मुलं घेऊन दौंडच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली. ती आठ दिवस सासूशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "आत्या, तुमाला काय दिसलं ते तरी सांगा." कडूबाई रोज पहाटे सुनेच्या वाट्याचं दळण, पाणी, सगळं उरकून कामावर जायला लागली, आणि बघणाऱ्या नातवाकडं बघत बसायचं तिनं सोडून दिलं.

दिवाळीत हेंक परत आला. शेडमध्ये आल्या आल्या भिंतीवरचा फोटो बघून तो खूश झाला. त्यापुढची उदबत्ती त्याला कळली नाही. बायांनी त्याला सांगितलं, की आम्ही तिचं सुतक धरलं, दिवसभर. त्यानं दोनदा विचारून घेतलं. मग त्याचे गोरे कान लाल झाले.

"आवं मावशी, ती म्येली न्हाई! तिच्या कामाला पन्नास वरसं झाली. तिकडं असं खुर्चीला फुलं बांदत्यात अन् घरी धाडत्यात. डोळं फोटूच्या उजेडानं मिटलं. परवाच सायकलवर दिसली की मला, भाजीपाला घिऊन चाललेली!"

मग गौहर हसायला लागली, हसता हसता तिला ठसका लागला, आणि सगळी शेड हसायला लागली. "आयुष्य वाढलं म्हातारीचं!" कुणीतरी ओरडलं. छबूबाई मात्र हसली नाही. तिनं खाली मान घालून बिडीला दोरा मारला आणि तिरप्या नजरेनं कडूबाईकडं बघितलं.

कडूबाईला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. जित्या बाईसाठी सुनेची जागा घालवली, हे आता संध्याकाळी घरी सांगावं लागणार होतं. पण त्याच्याही आधी तिला दुसरंच काही विचारायचं होतं. ती म्हातारी जिवंत आहे म्हणजे तिला विचारता येतं, हे लक्षात येऊन तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"हेंक," ती म्हणाली, "तिला इच्यार. त्या तासाला तिनं हातांचं काय केलं?"

"हातांचं?"

"व्हय. कुटं ठिवलं व्हतं? गप बसलं का तिचं हात?"

हेंकनं विचारतो म्हणून सांगितलं. त्याला प्रश्न कळला होता की नाही, देव जाणे.

शेवंतानं ऐकून घेतलं. हाताचं पीठ परातीत झाडत ती म्हणाली, "जिती हाय तर बरंच हाय. आपल्यामुळं तरी मेली न्हाई." कडूबाईला ते बोलणं शिवीपेक्षा जास्त लागलं.

हेंककडून काही कळलं नाही. कडूबाई चौऱ्याहत्तर सालच्या भोगीच्या दिवशी सकाळी वारली. चार दिवस ताप होता. तिच्या जागेवर कारखान्यात शेवंता बसली. जोहाना तेव्हा जिवंत होती.